बांगडा लावून पाइक

थोडं लांबलंय, चहा घेऊनच बसा.

दोन वर्षांपूर्वी ऑन्टारिओतल्या माझ्या मावसभावाने एक फोटो पाठवला. उत्तरेकडचं कुठलंसं तळं, जिथे रस्ताच जात नाही. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने गेलेले. हातात वॉलाय नावाचा मासा, डोळे काचेच्या गोटीसारखे. मागे काठावर चूल पेटवून त्याच्याच भावंडांना तळणं चाललेलं. माझा मुलगा तेव्हा ११ वर्षांचा. म्हणाला, आपण कधी जायचं? मी सीए, त्यामुळे उत्तर एक्सेलमध्ये दिलं. तिकिटं, ते छोटं विमान, कॅम्प, गाईड. खालची बेरीज दोघांनी बघितली आणि मी म्हटलं, आधी घराजवळ काय मिळतं ते बघू या.

घर मिल्टन कीन्सला. इथे फर्झटन, कॅल्डेकॉट, विलन अशी तळी आहेत, शहर वसवताना पावसाचं जादा पाणी अडवायला केलेली. वीकेंडला आम्ही तिथे चक्कर मारायचो, पोरं लहान असताना बदकं बघायचो. त्या पाण्याखाली पाइक फिरतात हे आम्हाला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. वॉलाय ब्रिटनमध्ये नाही. त्याचा चुलतभाऊ झँडर इथल्या काही कालव्यांत आहे, तोही बाहेरून आणून सोडलेला. पाइक मात्र तोच. कॅनडातल्या त्या तळ्यात जी जात, तीच फर्झटनला. लांब, हिरवट, अंगावर पिवळट ठिपके, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि त्यात आत वळलेले दात. लव्हाळ्यात काठीसारखा निश्चल उभा राहतो आणि लहान मासा जवळ आला की झेप.

ज्यांच्या पोरांना हे वेड लागलंय त्यांच्यासाठी पटकन सांगते. १३ वर्षांखालच्या मुलांना इंग्लंडमध्ये रॉड लायसन्स लागत नाही. १३ ते १६ ला लागतं, पण फुकट आहे. ते काढायचंच, नाहीतर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. तुम्ही नुसत्या शेजारी खुर्ची टाकून बसलात तर काही नाही, रॉड हातात घेतलात की तुम्हालाही लागतं. (मी काढलंय. सीएला दंड झाला तर तोंड कुठे लपवणार?) शिवाय ज्या क्लबचं पाणी असेल त्यांचं परमिट वेगळं. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद, माशांच्या विणीचा काळ म्हणून. आपल्याकडे जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्या बंद असतात, तसंच. आणि हिवाळ्यात काठ निसरडा असतो, पाणी बर्फासारखं. पोराला एकटं सोडू नका, कितीही भांडला तरी.

आता मूळ गोष्ट.

गेल्या ऑक्टोबरात बाबा आले. आम्ही देवगडकडचे. बाबांचं आयुष्य सरकारी नोकरीत गेलं, पण रविवारी सकाळी खाडीवर गरवायला जाणं त्यांनी कधी चुकवलं नाही. गरीला कोळंबी लावून तांबोसा धरावा तर त्यांनीच. मला वाटलं, नातू आणि आजोबा, दोघांना एकच वेड, आता बघायलाच नको. सेकंडरीत गेल्यापासून मुलाचे घरातले शब्द मोजावे लागतात. त्याला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. बाबांचं इंग्रजी अर्ज लिहिण्यापुरतं.

पहिल्याच शनिवारी तो फ्रीजरमधून आमिष काढत होता. अख्खा मॅकरेल. बाबा बघतच राहिले. "ह्यो बांगडो मां?" इथला मॅकरेल आपल्या बांगड्याचा भाऊच म्हणायचा, फक्त पाठीवर वाघासारखे पट्टे. मी सांगितलं, हो, अर्धा कापून हुकला लावतात, पाइकला त्याचा वास आवडतो. मग विचारलं, पाइक खायला कसा लागतो? म्हटलं, खात नाहीत बाबा, सोडून देतात.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "बांगडो घालून मासो धरूचो, नि सोडून देवचो? खावचो नाय तर धरतंस कित्याक? जीवाशी खेळ नसता करूचो."

मुलाने माझ्याकडे बघितलं. काय म्हणाले? आणि मी, सकाळची घाई, गाडीची किल्ली शोधत, म्हणून टाकलं, "ही थिंक्स इट्स क्रूएल."

बाबा तसं म्हणाले नव्हते. त्यांच्या बोलण्यात आश्चर्य होतं, थोडी चेष्टा होती, आणि पोटासाठी मारणं वेगळं नि मजेसाठी टोचणं वेगळं हा त्यांचा जुना हिशेब होता. मी सगळ्याची एका शब्दात बेरीज करून टाकली, तीही चुकीची. मुलगा म्हणाला, "मग त्यांना सांग, ते तर मारून खातात." हे मात्र मी भाषांतर केलं नाही.

त्या शनिवारी आम्ही गेलो नाही. पुढच्याही नाही. रॉड गॅरेजमध्ये, आजोबा हॉलमध्ये टीव्हीसमोर, नातू वर खोलीत. मी दोघांना वेगवेगळं जेवायला बोलवत होते. मनात एकच, बाबा इथे मोजून दहा आठवडे आहेत.

आणि खरं सांगू? बाबांचा प्रश्न मलाही छळत होता. आम्ही मासे खाणारी माणसं, तरी माशाच्या तोंडात गळ अडकवून फोटो काढून सोडणं मला आजही पूर्ण पटत नाही. मुलाचं म्हणणं, तू फ्रोझन सुरमईचं पाकीट आणतेस, ती कशी मेली ते तुला बघावं लागत नाही. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा.

तिसऱ्या आठवड्यात बाबा स्वतःच गॅरेजमध्ये गेले. मी किचनमधून बघत होते. त्यांनी तीन टोकांचा हुक उचलला, उजेडात फिरवला, मग वर जाऊन नातवाचं दार वाजवलं. "शो मी," एवढंच म्हणाले. त्याने दाखवलं. हुकच्या आधी तारेचा तुकडा, कारण दोरा पाइकच्या दातांना टिकत नाही. हुकचे काटे पक्कडीने चेपलेले, म्हणजे चटकन निघतात. गाठ बघून बाबांनी मान हलवली, सोडली आणि पुन्हा स्वतःच्या पद्धतीने बांधली. मग मी जवळ गेले आणि इतक्या उशिरा का होईना, नीट सांगितलं. आजोबा तुला क्रूर म्हणाले नव्हते, ते मी म्हटलं होतं. तो म्हणाला, "आय न्यू." त्याला माहीत नव्हतं, पण बरं वाटलं.

नोव्हेंबरातला रविवार, फर्झटन. बाबांच्या अंगावर माझ्या नवऱ्याचं जाकीट आणि कानटोपी. तीन तास काही नाही. बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही, मलाच थंडी वाजत होती. मग फ्लोट बुडाला. मुलाने लगेच झटका दिला. थांबलं तर पाइक हुक गिळतो आणि मग वाचत नाही. जाळ्यात आला तेव्हा साडेआठ पौंड, म्हणजे जवळपास चार किलो. ओल्या मॅटवर ठेवून, लांब चिमट्याने एका मिनिटात हुक काढला. बाबांनी हळूच विचारलं, एक तरी न्यायचा? मुलाने मराठीत उत्तर दिलं, मोडकंतोडकं. क्लबचा नियम सोडायचा. मोठ्या माद्या असतात, तयार व्हायला वर्षं लागतात, लोकांनी नेल्या तर तळं रिकामं. दिसतो राक्षस, पण नाजूक असतो, कोमट पाण्यात दमला तर मरतो, म्हणून त्याला थंडीतच धरायचं.

मग त्याने मासा आजोबांच्या हातात दिला. पाण्यात सरळ धरायचा, तो स्वतः निघेपर्यंत. बाबा गुडघ्यावर बसले. आयुष्यात एवढा मासा त्यांनी परत पाण्यात सोडला नव्हता. दोनेक मिनिटं शेपूट नुसती हलत होती, मग एक सपका, आणि बाबांच्या तोंडावर पाणी. मुलगा इतका हसला की पलीकडचा म्हातारा गोरा गृहस्थ वळून बघायला लागला.

निघताना पिशवीत तीन मॅकरेल उरले होते. मुलगा ते बदकांच्या दिशेने टाकणार तेवढ्यात बाबांनी पिशवी काढून घेतली. घरी येऊन स्वतः साफ केले, तिरफळ नव्हतं म्हणून कुरकुरले, तिखट-मीठ-हळद लावून तव्यावर टाकले. मुलाने दीड खाल्ला, काटे काढायला आजोबांनी शिकवलं.