यमुनेचा दुसरा संसार

मराठीतली पहिली कादंबरी कोणती, हा वाद आमच्या पिढीने परीक्षेपुरता पाठ केला आणि पुढे शिकवताना आमच्या विद्यार्थ्यांकडूनही पाठ करून घेतला. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची, हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. सनावळीचा निकाल उघड आहे. तरीही 'यमुनापर्यटन'ला पहिलेपणाचा मान देताना समीक्षकांची लेखणी किंचित अडखळते. पुस्तक प्रचारकी आहे, विधवांच्या दुःखाच्या हकिकती प्रवासाच्या दोरीत ओवलेल्या आहेत, आणि शेवट तर मिशनरी हेतूने चिकटवलेला आहे, असे आक्षेप घेतले जातात. पहिले दोन आक्षेप आम्हांला बव्हंशी मान्य आहेत. तिसऱ्याबद्दल मात्र थोडे बोलायचे आहे.

हा शेवट असा. पती विनायकासोबत प्रवास करताना यमुना वाटेवर ठिकठिकाणच्या विधवांची दैन्यावस्था पाहते. मग अपघाताने विनायक जातो आणि जे ती आजवर पाहत आली ते तिच्याच वाट्याला येते. केशवपनाचा जाच सुरू होतो. त्यातून ती बाहेर पडते, ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते. कादंबरी तिथे संपते.

हे लिहिले तेव्हा पदमनजी जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा होऊन तीन वर्षे लोटली होती. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 चा, म्हणजे कादंबरीच्या अवघ्या एक वर्ष आधीचा. हेतू धर्मप्रसाराचा होता यात शंका नाही. पण हेतू कळला की पुस्तक कळले, असे मानण्याची आपल्या समीक्षेची जी सवय आहे ती इथे फार नडते. कारण याच्या शेजारी हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ठेवून पाहा. 1890 पासून 'करमणुकी'त क्रमशः आलेल्या या कादंबरीची नायिकाही यमूच. तिचाही नवरा जातो, तिचेही केशवपन होते, बळजबरीने होते. आणि ती मरते. कलाकृती म्हणून हरिभाऊंची कादंबरी कितीतरी थोर आहे, त्याबद्दल दुमत नसावे. पण मधली तीस-पस्तीस वर्षे विधवाविवाहाच्या चळवळीत गेली असताना सुधारकी मनाच्या थोर कादंबरीकाराला आपल्या यमूला दुसरे घर देता आले नाही. ते त्या अनघड हाताच्या पाद्रीबाबांनी 1857 मध्येच देऊन टाकले होते. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायला मेलेली विधवा उपयोगी पडते. जगलेल्या विधवेचे काय करायचे, हा प्रश्न लेखकाला अधिक अवघड जातो.

अर्थात पदमनजींनीही तो पुरता सोडवला नाही. हा भाग वर्गात शिकवताना एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले होते, "मॅडम, तो तिला आवडला होता का?" प्रश्न साधा, पण उत्तर पुस्तकात सापडत नाही. यमुना आणि विनायक यांच्यात प्रेम आहे. ते बरोबर हिंडतात, बोलतात, एकमेकांना मनातले सांगतात. त्या काळच्या नवराबायकोत हे बोलणेच केवढे अप्रूपाचे! पुस्तकात जी प्रेमकथा आहे ती ही. दुसरा गृहस्थ मात्र सज्जन आहे, स्वधर्मीय आहे, आणि बस्स. विधवेचा उद्धार झाला, एवढेच सांगायचे असले की तिच्या आवडीनिवडीला जागा उरत नाही.

अमेरिकेत ख्रिस्ती प्रेमकादंबरी नावाची एक स्वतंत्र बाजारपेठच आहे, आणि तिच्या आरंभीच्या गाजलेल्या पुस्तकांत जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' (1979) मोडते. गंमत अशी की सांगाडा जवळपास यमुनेचाच. पश्चिमेकडच्या प्रवासात तरुण मार्टीचा नवरा अपघातात दगावतो. ती गरोदर आणि निराधार. क्लार्क नावाचा विधुर तिच्यापुढे विवाहाचा प्रस्ताव ठेवतो तो प्रेमापोटी नव्हे. त्याच्या लहानग्या मुलीला आई हवी असते, आणि मार्टीला छप्पर. नाहीच पटले तर वसंतात माघारी जाणाऱ्या तांड्याबरोबर तिला पाठवायचे, असेही ठरते. लग्न पहिल्या काही पानांतच उरकते. उरलेली सारी कादंबरी स्वयंपाकाची, बाळंतपणाची, रुसव्यांची आणि हळूहळू वाटू लागलेल्या आपलेपणाची आहे. भाबडेपणा पुष्कळ, देवाची योजनाही वेळोवेळी समजावून सांगितलेली. तरीही एक गोष्ट ओकबाईंना नेमकी कळली होती: पदमनजी जिथे थांबले, तिथून खरी गोष्ट सुरू होते.

हा क्रम, आधी लग्न आणि मग ओढ, आमच्या सावद्याला परका वाटू नये. इथली बहुतेक लग्ने अशीच जुळतात. तरीही विधवेच्या बाबतीत हेच घडू शकते, हे बोलायला आपल्याकडे शब्दसुद्धा नाहीत. पुरुष दुसरेपणी बोहल्यावर चढला तर तो 'बिजवर'. शब्दाला किंचित थट्टेची झाक असेल, पण तो चारचौघांत उच्चारता येतो. बाईसाठी एक तर 'पुनर्भू' हा पोथीतला शब्द, नाही तर 'पाटाची बायको', ज्यात हिणवणूक आधी येते आणि अर्थ मागाहून. वास्तविक महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकरी-कारागीर जातींत विधवेचा पाट लागे, कुठे त्याला मोहतूर म्हणत, आणि तो 1856 च्या कायद्यासाठी खोळंबला नव्हता. पण विधी बहुधा रात्री, मोजक्या माणसांत उरकायचा. त्या कायद्यानेही परवानगी देताना दुसऱ्या कलमात ठणकावले होते की पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपेल. नवा संसार हवा तर जुन्यातून रित्या हाताने निघायचे. आज तो कायदा इतिहासजमा आहे, पण केळीच्या बागेतला मृत नवऱ्याचा हिस्सा आणि सुनेचे दुसरे लग्न या दोन गोष्टी एकाच बैठकीत निघतात हे इथल्या कोणाला ठाऊक नाही?

जळगावच्या बहिणाबाई चौधरी तिशीतच विधवा झाल्या. आपल्या दैवाचे भाकीत सांगायला येणाऱ्या ज्योतिषाला त्यांनी कवितेतून दारातच थोपवले. कपाळाचे कुंकू गेले तरी आपले कर्तेपण शाबूत आहे, हा त्यांचा ताठा आम्हांला नितांत आदरणीय वाटतो. मात्र आपण त्या ताठ्याचा आदर्श करून टाकला, आणि एकटीने मुलांना वाढवणारी ती खरी, असे प्रत्येकीला ऐकवू लागलो. बहिणाबाईंनी तसे कुणाला सांगितले नव्हते.

त्याच वर्गातल्या एका उत्तरपत्रिकेत शेवटी, प्रश्नात न विचारलेले एक वाक्य होते. दुसऱ्या घरी गेल्यावर यमुनेला विनायकाचे नाव मोठ्याने घेता येत असेल का, असे त्या मुलीने लिहिले होते. पुढे दोन ओळी लिहून खोडल्या होत्या. उत्तराला गुण देऊन झाले. त्या खोडलेल्या ओळी वाचण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही.