सहाकोनी पाना

स्केट विकत घेताना दुकानदार चाकांचा रंग दाखवतो, बुटाचा पट्टा कसा आवळायचा ते दाखवतो. चाक काढायचं कसं, हे कोणी दाखवत नाही. इनलाइन स्केटच्या एका बुटाखाली बहुधा चार चाकं, प्रत्येक चाकात दोन बेअरिंग. म्हणजे जोडीत १६ बेअरिंग, आणि एकेकात सात छर्रे. नागपुरात मुलीसाठी पहिली जोडी घेतली तेव्हा खोक्यात एक वाकडी किल्ली, म्हणजे एलन-कीही फुकट आली होती. घरी आल्या आल्या मी ती बाजूला काढली. माझी ही खोड लालबर्ऱ्याची.

लालबर्रा हे बालाघाट-सिवनी रस्त्यावरचं आमचं गाव. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पण सुटे भाग आणायला गोंदियाला जायची गावाची सवय काही सुटली नाही. चहूकडे धान, आणि धान म्हटलं की राइस मिल. एलन-की मी पहिल्यांदा पाहिली ती मिलमध्येच. आमच्या काळ्या सायकलींना तिचं काही कामच नसे. मिलच्या शाफ्टवरची पुली घसरू नये म्हणून तिला स्क्रू असतो. त्या स्क्रूला वर डोकं नव्हतं, नुसता आत गेलेला सहाकोनी खड्डा. मिस्त्री त्यात काळी वाकडी सळी घालून पिळायचा. डोकं का नाही, तर फिरत्या शाफ्टवर डोकं वर आलं की ते धोतर पकडतं, आणि धोतरामागून माणूस जातो. अमेरिकेत विल्यम अ‍ॅलन यांनी १९१० मध्ये असे स्क्रू घडवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, त्याच्या मागेही कारखान्यांतली हीच भीती होती, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. मिस्त्रीला अ‍ॅलनसाहेब ठाऊक नव्हते. धोतराचं मात्र पक्कं ठाऊक होतं.

मिलमधून निघालेली झिजकी बेअरिंग आम्हा पोरांच्या वाट्याला येत. फळीला आडव्या काठ्या ठोकायच्या, काठ्यांच्या टोकांना बेअरिंग बसवायची, की गाडी तयार. डांबरी रस्त्यावर ती असा खडखडाट करी की म्हातारी माणसं काठी घेऊनच बाहेर पडत.

बेअरिंग धुवायला शिकलो ते सायकलच्या दुकानात. तिथले काकाजी मागचं चाक खोलून छर्रे मातीच्या तेलात टाकत. एका बाजूचे नऊ एका झाकणात, दुसऱ्या बाजूचे नऊ दुसऱ्यात, सरमिसळ चालत नसे. मी कोन आवळायला लागलो की ते म्हणत, "एवढं कायले कसतं रे? उद्या तुलेच खोला लागन." पाना हे कसायचं हत्यार आहे असंच बहुतेकांना वाटतं. काकाजींच्या हिशेबी तो आधी खोलायसाठी होता. खोलताना जो दगा देतो, त्यानं कसताना कितीही शौर्य गाजवलेलं असो, तो टाकाऊ.

स्केटच्या एक्सलला हे तंतोतंत लागू पडतं. बऱ्याच स्केटना चार मिलिमीटरची एलन-की लागते. काहींना चांदणीच्या आकाराची टॉर्क्स. फुकटची किल्ली मऊ पोलादाची असली की तिच्या कडा झिजतात, मग ती खड्ड्यात फिरते, खड्डा गोल होतो आणि एक्सल चाकासकट अडकून बसतं. म्हणून विकत घ्यायची झाली तर क्रोम-व्हॅनेडियमची, टोकाच्या कडा धारदार असलेली, आणि खड्ड्यात घातल्यावर हलणार नाही अशी. गोळ्याच्या टोकाची की तिरकी घालता येते म्हणून लोकांना आवडते; पण गच्च बसलेल्या एक्सलवर तिची पकड फारच थोड्या जागेत येते. तिथे मी ती वापरत नाही. खोलताना छोटी बाजू खड्ड्यात घालून लांब दांडा हातात धरावा, जोर मिळतो. कसताना उलट: लांब बाजू आत, आखूड दांडा बोटांत. मग हवा तेवढाच जोर लागतो. पुढे चाक हातानं फिरवून पाहायचं. लगेच थांबलं तर जरा ढिलं, डगमगलं तर जरा घट्ट.

उन्हाळ्यात गावी आलो की मुलगी घरामागच्या सिमेंटच्या खळ्यावर स्केट चालवते. हंगाम सरला तरी धानाचं कूस आणि धूळ तिथे असतेच, आणि बेअरिंगला पाण्याखालोखाल तिचंच भय. आता मातीचं तेल सहज मिळत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. पत्र्याचं झाकण धरून ठेवणारी बारीक कडी टाचणीनं काढायची, बेअरिंग धुवायचं, पूर्ण वाळवायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब. गंज सोडवणारा फवारा मारून मोकळं होऊ नये, तो वंगण म्हणून टिकत नाही. पाकिटावरच्या एबेक आकड्यापायी लोक जादा पैसे मोजतात. तो आकडा घडणीतल्या अचूकपणाचा; धुळीचा एक कण आत गेला की सात काय आणि तीन काय. माप बहुधा ६०८ : आत ८, बाहेर २२, जाडी ७ मिलिमीटर. स्केटबोर्डला तेच, अनेक लहान मोटरींनाही तेच. त्यामुळे मोटर दुरुस्तीच्या दुकानातही मिळतं. फक्त तिथल्यात घट्ट ग्रीस भरलेलं असतं, चाक सुरुवातीला जड फिरतं.

बेअरिंग ढकलून काढायचा पुशर मात्र मी उगाच चैनीची चीज समजत होतो. एक्सलच्या टोकानं काम भागत असे. मुलीनं आपल्या पैशानं तो आणला, आणि तो चांगला आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात हांगझौच्या आशियाई स्पर्धेत स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत भारताच्या मुलींना आणि मुलांनाही कांस्य मिळालं. मुलांच्या चमूत विक्रम इंगळे, सिद्धांत कांबळे ही आपली नावं. तेव्हापासून माझ्या मुलीला शर्यतीचे स्केट हवे आहेत, १२५ मिलिमीटरच्या तीन-तीन चाकांचे. "बाबा, बेअरिंग बाराच. तुम्हाला धुवायला चार कमी." यावर मला काही बोलता आलं नाही. एक्सलला कुठली की लागते ते दुकानात आधी विचारून ये, एवढं सांगितलंय.