पंपावरचं ओलं फडकं

परवा पहाटे पडवीचं दार उघडलं आणि पेट्रोलचा वास आला. गोडसर, एकाच बाजूनं येणारा. बॅटरी घेऊन पद्मिनी गाडीच्या खाली आडवा झालो. टाकीतून निघणाऱ्या नळीच्या वळणावर ओली चकाकी होती. बोट फिरवलं तर रबर मऊ पडलेलं, बोटाला काळं लागलं. 2009 मध्ये बाकी सगळ्या नळ्या बदलल्या होत्या. हा वीतभर तुकडा तेवढा जुना ठेवला, कारण इथे दाब नसतो. तेव्हा वाचवलेले पैसे असे समोर आले.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. खाली आडवं पडल्या पडल्या मला वालचंद हिराचंद आठवले. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे ते हेच, आणि इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभा करून वालचंदनगर वसवणारेही हेच. त्यांच्या एका उद्योगातली गाडी माझ्या पडवीत उभी, आणि दुसऱ्या उद्योगाच्या वाटेनं, उसाच्या मळीतून आलेलं इथेनॉल तिची नळी खातंय. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं कामही त्यांच्याच कंपनीनं केलं होतं. घाट त्या माणसाला नवा नव्हता.

आमचा घाट आंबेनळी. पोलादपूर सोडलं, कापडे मागे पडलं की रस्ता वळणं घेत उठतो आणि महाबळेश्वरापर्यंत चाळीसेक किलोमीटरांत सव्वा हजार मीटरच्या वर चढतो. इंग्रजांच्या कागदांत हा फिट्झजेराल्ड घाट, 1867 ते 1872 या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या साहेबाच्या नावाचा. आमच्या घरात ते नाव कोणी कधी घेतलं नाही. आमच्याकडे घाटाचं एकच नाव होतं, ‘आईच्या माहेरची वाट’. तिचं माहेर वाई. दर मे महिन्यात आप्पा भाताची गिरणी चार दिवस गड्यावर सोपवायचे आणि आम्ही निघायचो.

आणि प्रतापगडाचा फाटा यायच्या आत गाडी थांबायची.

पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, जेमतेम चाळीस घोड्यांचं. त्याच्या अंगालाच एसी पंप बसवलेला. हा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब उतरतो, त्यात चढाची उष्णता आणि मेचं ऊन. पेट्रोल नळीतच उकळतं. पंपाला ओढायला द्रव उरत नाही, नुसती वाफ. मेकॅनिक म्हणायचे, ‘गाडीनं एअर पकडली.’

ती एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी आठ वर्षांचा, बहीण तान्ही. आप्पांनी बॉनेट उघडलं, बहिणीचं सुती लंगोट मागितलं, पंपावर गुंडाळलं आणि आईपुढे हात केला. आईच्या मांडीवर फिरकीचा तांब्या होता. ओहोळ कोरडे. पाणी काय ते तेवढंच. आईनं एकदा बहिणीकडे पाहिलं, फिरकी काढली आणि तांब्या दिला. आप्पा थेंब थेंब पाणी सोडत होते आणि लंगोटातून वाफ निघत होती. वीसेक मिनिटांनी गाडी सुरू झाली. तांब्यात अर्धं पाणी उरलं होतं.

2007 मध्ये आप्पा गेले. दोन वर्षांनी इंजिनाचं हेड तिसऱ्यांदा गेलं, सुटे भाग मिळेनात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारातून मी जिप्सीचं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनचं, इंजिन आणलं: 1298 सीसी, ऐंशी घोडे. पद्मिनी बनायची तीही कुर्ल्यालाच. गिअरबॉक्स, शाफ्ट, माउंटिंग, आरटीओची परवानगी हे वेगळं रामायण आहे. पेट्रोलचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

कार्बोरेटरला पाव बार दाब पुरतो. इंजेक्शनला तीन बारच्या आसपास लागतो. म्हणजे बारा पट. शहरातल्या ज्या वर्कशॉपनं काम केलं त्यांनी पंप चांगला बसवला, आणि पुढे साधा पेट्रोल पाइप जोडून त्यावर पाण्याच्या पाइपाच्या तोंडाला बांधतात तसल्या दातेरी क्लिपा आवळल्या. पंपाची वायर थेट चावीवरून. रिले नाही, काही नाही. गाडी उलटली, नळी तुटली, तरी चावी चालू असेपर्यंत तो पंप पेट्रोल फवारत राहिला असता. त्या गाडीत मी आईला बसवून घाट चढलो होतो. लोक म्हणतात, स्वस्तात केलं की असंच होतं. मला ते पटत नाही. स्वस्तात करणं हे कसब आहे. भंगारातला पंप चालतो, वापरलेलं इंजिन चालतं. नळी आणि क्लिप मात्र नवी आणि इंजेक्शनचीच लागते, साध्याच्या चौपट किंमत पडली तरी.

त्याच फेरीत दुसरी गोष्ट कळली. टाकी पावभर असताना आवळ वळणावर पेट्रोल एका बाजूला जायचं, पंप हवा ओढायचा आणि इंजिन गचके द्यायचं. कार्बोरेटरच्या वाटीत तेवढ्या वेळेपुरतं पेट्रोल असतं, इंजेक्शनकडे क्षणाचीही शिल्लक नसते. महाडच्या एका फिटरनं तोड काढली. तीन इंची स्टीलच्या पाइपचा सात इंच तुकडा कापला, दोन्ही तोंडं बंद केली, चार नळ्या वेल्ड केल्या. झाली सर्ज टाकी, पाऊण लिटरची. हलक्या दाबाचा पंप मोठ्या टाकीतून ती भरत राहतो, मोठा पंप तिच्या तळातून ओढतो. इंजिनाला नको असलेलं पेट्रोल फिरून तिच्यात येतं, जास्तीचं मोठ्या टाकीत जातं. वळण संपेपर्यंत पाऊण लिटर पुष्कळ. पेट्रोल दाबाखाली असतं, सतत फिरतं, त्यामुळे आता ते नळीत उकळत नाही. त्यानंतर गाडी घाटात कधी थांबली नाही.

काल नवी नळी घातली आणि आईला शेजारी बसवून घाटात नेऊन आणलं. आई ब्याऐंशीची आहे. चावी फिरवली की पंप दोन सेकंद गुणगुणतो, ते तिला ऐकू येत नाही. लंगोट गुंडाळलं होतं त्या वळणावर मी गाडी कडेला घेतली.

‘‘इथंच ना गं? तुझ्या पाण्यानं गाडी सुरू झाली होती.’’

‘‘पाण्यानं कशाची?’’ आई म्हणाली. ‘‘पंधरा-वीस मिनिटं उभी राहिली की आपली आपण सुरू व्हायची ती. मला ठाऊक होतं.’’

‘‘मग तांब्या का दिलास? धाकटी तान्ही होती.’’

ती खिडकीतून खाली सावित्रीच्या दरीकडे बघत राहिली. ‘‘वाईला माझे वडील अंथरुणाला खिळले होते. कधी पोचतो असं झालेलं. आणि ह्यांच्या हाताला काम नसलं की हे घाबरायचे. चेहरा बघवायचा नाही.’’

मागून एसटीनं हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली.

‘‘अर्धं ठेवलं होतं की मी,’’ आई म्हणाली.