लोणारच्या पायऱ्यांवर सांडलेली माळ

तुमच्या देवघरात स्फटिकाची माळ आहे का? असेल तर आज दुपारची कामं आटोपली की ती जरा बाहेर काढा आणि एकेक मणी उजेडासमोर धरून पाहा. का ते सांगते. पण त्याआधी तुम्हाला माझ्याबरोबर लोणारला यावं लागेल.

माझं सासर खामगावचं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पाहुणा आला की त्याला शेगावला न्यायचं हे ठरलेलं. जिजाऊंचं जन्मगाव म्हणून सिंदखेडराजाही होतं. लोणारचं मात्र ‘जाऊ एकदा’ म्हणता म्हणता राहून जातं. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी मी ते पाहिलं नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच विषय काढला. वय शहात्तर, पण म्हणाल्या, “माझे गुडघे चालतात तोवर न्या गं मला.” पहाटेच निघालो. मेहकरला बालाजीचं दर्शन घेतलं आणि उन्हं तापायच्या आत लोणारला पोचलो.

काठावर उभं राहून खाली पाहिलं आणि आम्ही दोघी गप्पच झालो. एखादी प्रचंड परात जमिनीत दाबून बसवावी तसा तो खड्डा! सुमारे १.८ किलोमीटर रुंद, उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. आकाशातून पडलेल्या उल्केनं हा खड्डा केला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, पण उल्केची गोष्ट पक्की व्हायला १९७३ साल उजाडावं लागलं. तळाशी छिद्रं पाडून खडक वर काढला, तेव्हा त्यात आघातानं काच झालेले कण सापडले. खड्ड्याचं वय पूर्वी पन्नास हजार वर्षं सांगत; २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते सुमारे पाच लाख सत्तर हजार निघालं. गावातले लोक लवणासुराची कथा सांगतात. विष्णूनं त्याला इथं मारलं म्हणून गावातल्या देवळाला दैत्यसूदन म्हणायचं. ते देऊळ चुकवू नका, बरं का. शिल्पं पाहताना मान दुखून येते, इतकं कोरीव काम आहे.

तळ्याचं पाणी खारट आणि सोड्याचं. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झालं होतं, हे तुम्ही वाचलं असेल. खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे तो रंग आला होता. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावरचा खार गोळा करीत. तो साबणाला आणि बांगड्यांची काच करायला जाई. हा खार लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर आम्ही पायऱ्या उतरू लागलो. सासूबाईंच्या गळ्यात त्यांची नेहमीची स्फटिकाची माळ होती. सासऱ्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आणलेली, एकशे आठ मण्यांची. एका वळणावर त्यांनी कठड्याला हात टेकला, पदर सावरला, आणि काय झालं कोण जाणे, दोरा तुटला. टप टप टप मणी पायऱ्यांवरून उड्या मारत खाली! सासूबाई मटकन खालीच बसल्या. मी, हे, आमची नमू आणि बरोबरचा वाटाड्या, चौघांनी अर्धा तास पालापाचोळा चिवडला. मेरुमणी मिळाला, बाकीचे एकशे सात मिळाले. एक गेला तो गेलाच.

त्यांचा उतरलेला चेहरा पाहून वाटाड्या त्यांना एका काळ्या दगडापाशी घेऊन गेला. दगडात भोकं होती आणि कितीतरी भोकं पांढऱ्या खड्यांनी भरलेली. “आजी, ही तुमच्या माळेच्याच जातीची गार,” तो म्हणाला. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पसरला, तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यानं हळूहळू गार भरली. आपल्या वावरांत नांगराला लागणाऱ्या पांढऱ्या गारगोट्या त्याच घराण्यातल्या. अगदी नितळ आणि पैलूदार झाली की तिला आपण स्फटिक म्हणतो, दुधाळ राहिली की गारगोटी. नमूनं एक तुकडा उचलला होता, तो मी परत ठेवायला लावला. हे अभयारण्य आहे. प्रत्येकानं एकेक खडा नेला तर पुढच्यांनी पाहायचं काय?

आपल्या भाषेची गंमत पाहा. आभाळातून पडते ती गार, वावरात सापडते तीही गार, आणि हाताला थंड लागतं तेही गार! ग्रीक लोकही स्फटिकाला कधीच न वितळणारा बर्फ समजत. सासूबाई तेवढ्यानं जरा खुलल्या. लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासून उजेड पाडायचो, असं त्यांनी नमूला सांगितलं. करून पाहा, खरंच मंद पिवळसर उजेड पडतो आणि जळका वासही येतो.

दुसऱ्या दिवशी मणी रुमालात बांधून मी बाजारात गेले. चांदीसाठी खामगावचं नाव लांबवर आहे. माळ गाठवून देणारे ओळखीचे म्हातारे काका आहेत, त्यांच्यापुढे रुमाल सोडला. त्यांनी एकेक मणी गालाला लावला, भिंगाखाली धरला आणि न बोलता दोन ढीग केले. मग म्हणाले, “वहिनी, हे एकसष्ट स्फटिक. हे सेहेचाळीस काच.”

मला कानकोंडं झालं. सासऱ्यांनी फसवून घेतली म्हणायची का? काकांनी मान हलवली. अर्धे खरे नि अर्धे खोटे मणी कुणी मुद्दाम विकत नाही, माळ मधे कधीतरी गाठवायला दिली असेल, म्हणाले. आणि आठवलं! नऊ-दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी, लग्नघाईत, एका दुकानात आम्ही ती आठ दिवस टाकून आलो होतो. मोजून दिली नव्हती, वजन केलं नव्हतं. आता कुणाला काय विचारणार?

काकांनी ओळखलं कसं, ते मी नीट विचारून घेतलं. स्फटिक गालाला लावला की गार लागतो आणि बराच वेळ गारच राहतो. काच चटकन ऊब धरते. काचेत गोल गोल बुडबुडे दिसतात. स्फटिकात असल्याच तर धुक्यासारख्या रेघा. आणि तिसरी खूण आपल्या माळेनंच दिली होती. स्फटिकाचा कठीणपणा सात, काचेचा साडेपाचच्या आसपास. दहा वर्षं शेजारी राहून स्फटिकांनी काचमण्यांना ओरखडून मंद करून टाकलं होतं. स्फटिक मात्र लखलखीत! चाकूनं ओरखडून पाहण्याचा प्रयोग मात्र चांगल्या माळेवर करू नका.

आणि ती काच तरी काय? गारेचीच वाळू आणि खार एकत्र वितळवला की काच होते. लोणारच्या उतारावर गार आणि तळ्यात खार! काकांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, भावंडंच ती, पण एक हजारो वर्षं सावकाश वाढलेलं आणि दुसरं भट्टीतून घाईनं निघालेलं.

घरी सांगावं की नाही, या विचारात रात्रभर झोप नाही. शेवटी चहाच्या वेळी सांगून टाकलं. सासूबाई कपाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “तरीच जप करताना मधेच मणी कोमट लागायचे. मला वाटायचं, माझाच हात तापला.” रागावल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत नीट.

म्हणून सांगते, माळ गाठवायला द्याल तेव्हा मणी मोजा, वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि जमलं तर समोर बसूनच गाठवून घ्या. धुताना कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. उकळत्या पाण्यात किंवा धुण्याच्या सोड्यात नको. धुतल्यावर दोरा पूर्ण सुकवा, कारण तुटतो तो दोरा, मणी नाही. मोती, पोवळं यांच्या डबीत स्फटिक ठेवू नका, तो त्यांना ओरखडतो. गुलाबी किंवा जांभळी जात असेल तर सततच्या उन्हात रंग उडतो. स्फटिकाचा गोळा खिडकीत ठेवण्याची हौस असेल तर पडद्यापासून लांब ठेवा. भिंगासारखं ऊन गोळा करून तो कापड पेटवू शकतो. धुळीतही गारेचेच कण असतात, म्हणून काचेचं कपाट कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसू नये, आधी धूळ झटकावी.

शुक्रासाठी हिरा परवडत नसेल तर स्फटिक घाला, असं सांगतात. सरस्वतीच्या हातातही स्फटिकमाळ असते. ज्याची त्याची श्रद्धा. मी त्यात पडत नाही. पण स्फटिकानं ताप उतरतो, रक्तदाब बरा होतो म्हणून कुणी दामदुप्पट पैसे मागत असेल तर देऊ नका. तो गार लागतो एवढंच खरं, औषध नव्हे.

एकसष्टांतून काकांनी चौपन्न मण्यांची, म्हणजे अर्धी माळ गाठवून दिली, मेरुमणी तोच. सासूबाई आता ती दोनदा फिरवतात. उरलेल्या सातांतले दोन नमूच्या कानांत चांदीत बसले, पाच माझ्याकडे आहेत. काचेचे सेहेचाळीस टाकून द्यायला निघाले होते, तर त्यांनी डबी माझ्या हातातून काढून घेतली. परवा पाहिलं, शेजारच्या छोट्या मुलीला त्या त्यांच्यावर मोजणी शिकवत होत्या.