जोडी आणि एकटा बैल

सातवीतल्या एका मुलीच्या वहीत वाक्य होतं : 'ऑल्दो द रेन वॉज लेस, बट माय फादर डिड नॉट सेल द बुल.' पूर्वी मी अशा 'बट'वर लाल रेघ मारून पुढे जायचो. आता थांबतो. इंग्रजी चुकलंय, पण त्यामागं तिची मराठी अगदी बरोबर आहे.

मराठीत वाक्यं जोडणारे शब्द जोडीनं चालतात. जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा, जो–तो. एक आला की कान दुसऱ्याची वाट बघतो. इंग्रजीला बहुतेक वेळा एकच पुरतो. देवणी गोवंशाला ज्या गावानं नाव दिलं, त्या गावातल्या पोरांना हे बैलांवरून लगेच कळतं : मराठी वाक्य जोडीनं ओढायचं, इंग्रजी एका बैलानं.

'जो'चं प्रकरण जरा अवघड. 'जो बैल आम्ही घेतला, तो वानेरा आहे.' वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. याचं पोरं करतात : 'विच बुल वी बॉट, दॅट इज वानेरा.' मी कागदाच्या तीन पट्ट्या कापतो. पहिलीवर 'द बुल', दुसरीवर 'विच वी बॉट', तिसरीवर 'इज वानेरा'. दुसरी पट्टी पहिलीला चिकटून ठेवायची. कोणता बैल, हे सांगणारे शब्द बैलाच्या मागोमाग आले पाहिजेत.

मग घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांना विचारतो, तुमच्यात कसं? 'मारिद एत्तु,' म्हणजे विकलेला बैल. तिथं माहिती बैलाच्या पुढं चालते. आपल्या 'विकलेला बैल'मध्येही तसंच. 1956 पर्यंत आमच्या भागातले उदगीर, निलंगा हे तालुके आता कर्नाटकात असलेल्या बीदर जिल्ह्यातच होते. त्यामुळं इथल्या पोरांच्या कानावर दोन भाषांच्या रचना आधीच पडलेल्या असतात. तिसरी शिकवताना मी त्या दोन्ही फळ्यावर मांडतो.

त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, "एक बैल सोड."

"कोणता सोडू, सर?"

हाच खरा प्रश्न. 'बट' ठेवलं तर दोन्ही वाक्यं बरोबरीची राहतात, ते संयुक्त वाक्य. 'ऑल्दो' ठेवलं तर पावसाचं वाक्य गौण होतं आणि वडिलांचं मुख्य, ते मिश्र वाक्य. व्याकरण दोन्हींना मान्यता देतं. काय मोठं आणि काय लहान, हे मात्र लिहिणाऱ्यानं ठरवायचं. हे मी तिला समजावून सांगितलं आणि वही परत दिली.

थोडा वेळ ती वहीकडे बघत राहिली. मग तिनं 'बट' खोडलं. "पाऊस तर दरवर्षीच कमी पडतो, सर," ती म्हणाली, "बैल विकला नाही, हे सांगायचंय."