आजीचे गोंदण आणि माझा पहिला कॅमेरा

"एवढा चांगला फोन हातात असताना कॅमेरा कशाला?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला अनेकांनी विचारला. विचारणारे बहुतेक आपलेच कार्यकर्ते, जयंतीचे, मोर्चांचे, शिबिरांचे फोटो फोनवर काढणारे. प्रश्न चुकीचा नाही. पगार बेताचा असलेल्या माणसाने तीस हजार रुपये खर्च करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. मीही विचारला होता. त्याचे उत्तर मला दुकानात सापडले नाही, ते आमच्या घरातल्या एका फ्रेममध्ये सापडले.

माझी आजी गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तिचा मोठा फोटो हवा होता. घरात फोटो काढणारी मीच. वैशाख पौर्णिमेला विहारात ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेला तिचा एक फोटो सगळ्यांना आवडायचा. पांढरी साडी, डोक्यावर पदर, ओठांवर किंचित हसू. घराच्या ग्रुपवरून तो उचलला, लॅबमध्ये १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढली आणि फ्रेम करून आणली. आत्या त्या फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, आईचं गोंदण कुठं गेलं?"

खरेच गेले होते. कपाळावरचे हिरवे गोंदण, हनुवटीवरचे तीन ठिपके, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, काहीच नव्हते. चेहरा मेणाचा केल्यासारखा गुळगुळीत. आणि रंग! आमची आजी काळी होती. उन्हातान्हात खडी फोडून, विटा वाहून आयुष्य काढलेली बाई. फ्रेममधली बाई मात्र गव्हाळ होती. शेजारचे एक काका कौतुकाने म्हणाले, "म्हातारी काय गोरी दिसते!" त्या कौतुकाने मला जास्त टोचले. जिचा फोटो आम्ही फुले वाहायला ठेवला, ती आमची आजी नव्हतीच.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला क्षेत्रकार्याच्या नोंदी कशा घ्यायच्या हे शिकवले होते. माणसाने सांगितले तेच लिहायचे, आपल्याला बरे वाटते ते नाही. मी फोटोच्या बाबतीत तो नियम मोडला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून कॅमेऱ्याच्या आधी मी चूक शोधायला बसले. तीन कारणे सापडली.

पहिले कारण, ब्युटी मोड. फोन विकत घेतला त्या दिवसापासून तो चालूच होता. चेहरा दिसला की फोन तो उजळवायचा आणि डाग पुसायचा. त्याच्या लेखी गोंदण हाही डागच. दुसरे कारण, व्हॉट्सॲप. मूळ फोटो मी फोनची जागा भरली म्हणून पुसून टाकला होता. ग्रुपवरून पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. तो १८ इंचांवर ताणला तर एका इंचाला नव्वद पिक्सेलही मिळत नाहीत. चांगल्या प्रिंटला इंचाला तीनशेच्या आसपास लागतात. तिसरे कारण, अंधार. कमी उजेडात फोनच्या चित्रात दाणे येतात, आणि ते लपवण्यासाठी फोनचे सॉफ्टवेअर सगळेच सपाट करते. दाण्यांबरोबर सुरकुत्याही जातात.

आता नीट पाहा. तीनपैकी पहिली दोन कारणे दूर करायला एक रुपयाही लागत नाही. ब्युटी मोड बंद करा. फोटो पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो मूळ आकारात जातो. मूळ फोटो हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर साठवा. फोनमध्ये प्रो मोड असेल तर तो शिकून घ्या. हे सगळे करून भागत असेल तर कॅमेरा घेऊ नका. पैसे वाचतील. दिवसा उजेडात, मोर्चात, रस्त्यावर फोन आजही उत्तम काम करतो. मी हे सगळे सहा महिने केले. तिसऱ्या कारणाला मात्र फोनकडे उत्तर नव्हते. माझे काम ज्या घरांत चालते तिथे दहा बाय दहाची खोली, एक खिडकी आणि एक दिवा असतो. बायकांच्या बैठका रात्री नऊनंतर होतात, कारण त्याआधी त्या कामावरून आलेल्या नसतात. आपले बहुतेक जगणे कमी उजेडातच चालते.

इथे दोन साध्या गोष्टी समजून घ्यायला हव्यात, कारण दुकानदार त्या सांगत नाही. एक, मेगापिक्सेलवर जाऊ नका. फोनवर '५० मेगापिक्सेल' लिहिलेले असते, पण बहुतेक वेळा तो चार-चार पिक्सेल जोडून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. खरा फरक सेन्सरच्या आकाराचा आहे. मध्यम किमतीच्या फोनचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढाही नसतो. साध्या डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. पाऊस तोच, पण वाटीत किती पाणी जमेल आणि परातीत किती, इतका सरळ हिशोब आहे. फोनच्या लेन्सवरही 'एफ १.८' लिहिलेले असते हे खरे, पण खाली वाटीच असेल तर एकूण उजेड कमीच जमणार.

दोन, कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर जाते. एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे ज्या खोलीत किट लेन्सला आयएसओ ६४०० लागतो, तिथे हिला ६४० पुरतो. फोटो स्वच्छ येतो. म्हणून माझे म्हणणे असे, की बजेट कमी असेल तर बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करा. लोक नेमके उलटे करतात. नवा कोरा कॅमेरा घेतात, किट लेन्सवर थांबतात आणि मग म्हणतात, "फोनच बरा होता."

माझ्याकडे तीस हजार होते. दर महिन्याला दोन-अडीच हजार बाजूला टाकून वर्षभरात जमवलेले. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात गेले. पहिल्या दुकानात विचारले, "मॅडम, तुमच्यासाठी की मिस्टरांसाठी?" माझ्यासाठी म्हटल्यावर गुलाबी पट्ट्याचा छोटा कॅमेरा पुढे आला. दुसऱ्या दुकानात नवा मिररलेस दाखवला. खोटे कशाला बोलू, मोह झाला. मिररलेसमध्ये फोटो उजळ येणार की काळा, हे बटण दाबण्याआधीच दिसते आणि चेहरा तो स्वतः शोधतो. कॅनन आणि निकॉन या कंपन्यांचे सगळे नवे काम आता त्याच प्रकारात चालले आहे. पण त्यात किट लेन्ससकट माझे बजेट संपत होते आणि उजेडाची लेन्स राहून जात होती.

याच बदलाचा दुसरा अर्थ माझ्या फायद्याचा होता. लोक डीएसएलआर विकून मिररलेस घेत आहेत, म्हणून वापरलेले चांगले डीएसएलआर स्वस्त झाले आहेत. मी निकॉन डी ३४०० घेतला. २०१६ चे मॉडेल, २४ मेगापिक्सेल. किट लेन्ससह एकोणीस हजार. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४०००. १८ इंचांवर छापला तरी इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात. आजीच्या फ्रेमचे गणित डोक्यात पक्के बसले होते. बॅटरी एका चार्जिंगवर हजाराच्या वर फोटो काढते, हे शिबिरात फार उपयोगी पडते.

वापरलेला कॅमेरा घेताना तीन गोष्टी तपासा. शटर किती वेळा उडाले ते पाहा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये तो आकडा नोंदलेला असतो, तो वाचू शकणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. या मालिकेतल्या कॅमेऱ्यांचे शटर एक लाख वेळांसाठी तपासलेले असते. मला मिळालेला अकरा हजारांवर होता. नव्वद हजारांचा, लग्नातून निवृत्त झालेला कॅमेराही मला "एकदम नया है" म्हणून दाखवला गेला. दुसरे, लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी आहे. ती लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिसरे, एखाद्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून तो मोठा करून पाहा, सेन्सरवरचे डाग कळतात.

एवढे करूनही मी एक चूक केलीच. जुनी ५० मिलिमीटर एफ १.८ डी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून उचलली. घरी आल्यावर कळले की ऑटोफोकस चालतच नाही. या जुन्या 'डी' लेन्सला कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर लागते आणि निकॉनच्या स्वस्त बॉडीत ती नसते. 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेली लेन्सच हवी. शिवाय एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. आमच्या खोल्यांत पाठ भिंतीला लागली तरी अर्धाच माणूस दिसत होता. परत गेले, पाचशे रुपये सोडले आणि ३५ मिलिमीटर एफ १.८ जी घेतली. साडेआठ हजार. आज माझे ऐंशी टक्के फोटो हिच्यावरच निघतात. कुणाला यूट्यूबसाठी भाषणे, मुलाखतीच करायच्या असतील तर मात्र माझा कॅमेरा घेऊ नका. त्याला माइक जोडायची सोयच नाही.

आता मुख्य मुद्दा. कॅमेरा घेतला म्हणजे माणूस खरा दिसेल, हा माझा भ्रम पहिल्याच रविवारी फुटला. विहारात पांढऱ्या साड्यांतल्या बायकांचा फोटो काढला, तर साड्या राखाडी आणि चेहरे काळेठिक्कर. नाकडोळे दिसेनात. फोनने आजीला गोरे केले होते, कॅमेऱ्याने बायकांचे चेहरेच गायब केले. कारण असे, की कॅमेऱ्याचे मीटर समोरच्या सगळ्याची सरासरी मध्यम राखाडी धरते. पांढरे जास्त दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो फोटो काळा करतो. उपाय एका बटणाचा. अधिक-उणे चिन्हाचे बटण दाबून एक्सपोजर अधिक एकपर्यंत न्यायचे. चेहरे परत येतात, जसे आहेत तसे.

यंत्र तटस्थ असते, असे आपल्याला वाटते. इतिहास वेगळे सांगतो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबना एक नमुन्याचे कार्ड पाठवायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. 'शर्ली कार्ड' असे त्याचे नावच पडले. तिची कातडी बरोबर दिसली म्हणजे प्रिंट बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर बुडायचे. कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये यावर सविस्तर लिहिले. त्यातली बोचणारी गोष्ट अशी, की गडद रंग नीट टिपण्यासाठी फिल्म सुधारण्यामागे लाकडी फर्निचर आणि चॉकलेट यांच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारींचाही हात होता. माणसांच्या आधी चॉकलेटचे ऐकले गेले. आजच्या फोनमधला ब्युटी मोड हा त्याच घरातला नातू आहे. सुंदर चेहरा कसा असतो हे कुणीतरी दूर बसून ठरवले, आणि माझ्या आजीवर लावले.

म्हणून मी 'रॉ' फाइलमध्ये फोटो काढते. त्यात सेन्सरने पाहिलेले जवळपास सगळे जपून राहते, आणि चेहरा किती उजळ, किती गडद ठेवायचा ते मी ठरवते. 'डार्कटेबल' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. अर्थात ठरवणारी मी झाले म्हणजे जबाबदारीही माझी झाली. गोरे करायचा मोह माझ्या हातालाही होऊ शकतो. म्हणून फोटो त्या माणसाला दाखवते आणि विचारते, "हे तुम्हीच ना?"

काही जण म्हणतील, कॅमेरा ही चैन आहे, चळवळीला पुस्तके हवीत. पुस्तके हवीतच. पण सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले नसते, तर त्या कामाची घाण किती जणांनी डोळ्यांनी पाहिली असती? आणि एकट्याला परवडत नसेल तर मंडळाने घ्यावा. जयंतीच्या डीजेला एका रात्रीत जे जाते, त्यात वापरलेला कॅमेरा आणि एक लेन्स येते. वाचनालयात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, वहीत नोंद करून मुलामुलींना वापरायला द्या. कपाटात बंद ठेवाल तर पावसाळ्यात बुरशी खाईल.

एक अट मात्र पाळा. ज्याचा फोटो काढला, त्याला छोटी का होईना, प्रिंट द्या. वस्तीत येऊन फोटो घेऊन जाणारे पुष्कळ असतात, परत द्यायला येणारे कमी.

आजीचा दुसरा मोठा फोटो आमच्याकडे नाही. ती फ्रेम आता भिंतीवरून काढली आहे. मागच्या महिन्यात आत्याचा फोटो काढला, खिडकीशी बसवून, ३५ च्या लेन्सने. कपाळावर आईसारखेच गोंदण आहे. १२ बाय १८ ची प्रिंट हातात घेऊन तिने आधी बोटाने कपाळ चाचपले, मग फोटोतले. म्हणाली, "सगळं आलंय. सुरकुत्या जरा जास्तच आल्यात."

जय भीम.