एक लाख सुऱ्यांचा देवदूत

लंडनला पहिल्यांदा जाणारा माणूस जे जे करतो, ते सगळं करून झालं होतं. ब्रिजवर फोटो, महागडी कॉफी आणि दर बिलाला पाउंडाचे रुपये करून बसलेला झटका! 2019 चा मार्च. मास कॉमचं शेवटचं वर्ष. मावसभाऊ कॉव्हेंट्रीत नोकरीला होता. म्हणाला, ‘‘इथे ये गं, एक भन्नाट पुतळा आलाय.’’ युस्टनहून ट्रेनने तासाभराचा रस्ता. निघाले.

कॉव्हेंट्री कॅथेड्रल म्हणजे दोन इमारती. 1940 च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं जुनं चर्च तसंच उघडं ठेवलंय आणि त्याला लागून 1962 मध्ये सुरू झालेलं नवं. त्याच्या बाहेर तो उभा होता. 27 फूट उंच ‘नाइफ एंजल’. मान झुकवलेली, हात पसरलेले. लांबून पंखांची पिसं वाटतात, जवळ गेलं की कळतं, प्रत्येक पीस म्हणजे एक पातं आहे!

एक लाखाच्या वर सुऱ्या. ब्रिटनच्या 43 पोलीस दलांकडे जमा झालेल्या. काही जप्त केलेल्या, काही लोकांनी आपणहून पेट्यांत आणून टाकलेल्या. शिल्पकार आल्फी ब्रॅडली. (याच पठ्ठ्याने आधी चाळीस हजार चमच्यांचा गोरिला केला होता!) ऑसवेस्ट्रीजवळच्या ब्रिटिश आयर्नवर्क सेंटरमध्ये पाती बोथट केली, निर्जंतुक केली आणि 2018 मध्ये काम पूर्ण झालं. पंखांतल्या काही पात्यांवर, ज्यांची माणसं चाकूहल्ल्यात गेली त्या घरच्यांनी निरोप कोरलेत. ते वाचताना कॅमेरा बंद केला मी.

कॉलेजात सरांनी स्लाइडवर दालीचं 1936 चं ‘ऑटम्नल कॅनिबलिझम’ दाखवलं होतं. मऊ कणकेसारखी दोन शरीरं मिठीत बसून सुरी-काट्याने एकमेकांना खातायत. स्पेनमधल्या यादवीचं चित्र. तेव्हा ‘सॉलिड सरिअल आहे’ म्हणून वहीत लिहिलं आणि विसरले. इथे दालीची आठवण आली ती वेगळ्याच कारणाने. या पुतळ्यात तलवारी होत्या, कोयते होते, पण भरपूर साध्या किचनमधल्या सुऱ्याही होत्या. टोमॅटो कापायच्या! आपल्याकडे असते तश्शी.

आणि माझ्या पर्समध्ये असायची तशी. म्हणजे माझी घडीची होती. इंटर्नशिपला रात्रीची शिफ्ट लागली तेव्हा आत्याने दिलेली. ‘‘कोणी विचारलं तर सांग, सफरचंद कापायला आहे.’’ लहानपणी वाईट स्वप्नं पडली की आजी उशाखाली अडकित्ता ठेवायची, त्यातलाच प्रकार. लोखंड जवळ असलं की भीती लांब!

भाऊ म्हणाला, ‘‘इथली पोरंही हेच सांगतात. दुसऱ्याकडे असेल म्हणून आपल्याकडे ठेवायची.’’ मग तिरकस बघून, ‘‘तुझ्याकडे आहे का गं अजून?’’

‘‘विमानात कशी आणणार? घरी आहे,’’ म्हटलं आणि विषय बदलला. त्यानंतर आम्ही जेवायला गेलो. माझ्या प्लेटशेजारची सुरी मी बराच वेळ उचललीच नाही.

आत्याला अजून सांगितलेलं नाही, पण तिची सुरी आता किचनच्या ड्रॉवरमध्ये असते. पेरू कापायला एकदम झकास. फक्त शेवटच्या लोकलला डबा रिकामा झाला, की हात अजूनही आपोआप पर्समध्ये जातो.